खेळ कुणाचा, दुकान कुणाचं?

स्मरणिकेत गोड बोलावं असा संकेत आहे. गणपतीच्या आठवणी, कोकणातलं आजोळ, इथल्या पहिल्या थंडीतली फजिती हे सगळं याही अंकात असेल, आणि मीही ते चवीने वाचेन. पण संपादकांनी या वर्षी "इथल्या आयुष्यातल्या एखाद्या विषयावर मोकळेपणाने लिहा" अशी मुभा दिली, तेव्हा मी ठरवलं की आपण भांडायचं. माझं भांडण आहे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींबद्दल.

हसू नका! ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आता रविवारी सकाळी तलावावर असतात. क्रिकेट आणि भरतनाट्यम यांच्या जोडीला सेलिंग आलं आहे. मी २००३ साली एम.एस्सी. करायला साउदॅम्प्टनला आलो आणि तिथे हा नाद लागला. आता माझी मुलगी होडी चालवते आणि मी काठावर थर्मास घेऊन उभा असतो. काठावर उभं राहणाऱ्या आईबापांचा या खेळाशी संबंध मुख्यतः चेकबुकापुरता असतो, असा सर्वांचा समज आहे. माझं भांडण नेमकं त्या समजाशी आहे. ज्याने पैसे द्यायचे, त्याने नियम कोण बनवतं आणि कुणाच्या फायद्याचे बनवतं हेही विचारलं पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. होडी सगळ्यांची सारखी असावी, नियम कडक असावेत, पण ती होडी विकण्याचा मक्ता कुणा एकाकडे असू नये. खेळाचा नियम आणि दुकानाची पाटी एकाच खिळ्याला टांगली, की एक दिवस दोन्ही खाली येतात. हे मी हवेत बोलत नाही. लेझर नावाच्या होडीच्या बाबतीत ते घडलेलं आहे.

ज्यांना या होडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९६९ साली कॅनडात इयन ब्रूस नावाच्या गृहस्थांना एक छोटी, मोटारीच्या टपावरून नेता येईल अशी होडी हवी होती. त्यांनी ब्रूस कर्बी या मित्राला फोन केला, आणि फोनवर बोलता बोलता कर्बींनी कागदावर एक रेखाटन केलं. त्यातून लेझर जन्माला आली. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली तेव्हा तिची किंमत होती ६९५ डॉलर. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या होडीचं वजन सुमारे ५९ किलो, एक शीड, दोन तुकड्यांची डोलकाठी आणि चालवणारा एकच माणूस. पुढे अशा दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या. हलक्या वजनाच्या खेळाडूंसाठी त्याच होडीवर लहान शीड चढवायची सोय झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून लेझर आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून, स्त्रियांसाठी, लहान शिडाची रेडियल शर्यतीत आली.

या होडीचं मोठेपण कशात? तिच्यात काहीही बदलायचं नाही, यात! इतर अनेक वर्गांत नियम मापं सांगतो, आणि त्या मापांच्या मर्यादेत ज्याची बुद्धी आणि ज्याचा पैसा जास्त, तो अधिक वेगवान होडी बनवून घेतो. लेझरचा मूळ नियम उलटा आहे. जे करायला नियमात स्पष्ट परवानगी नाही, ते करायचंच नाही. त्यामुळे शर्यत माणसामाणसांत होते. २००० साली सिडनीत ब्रिटनचा बेन एन्सली आणि ब्राझीलचा रॉबर्ट शाइट यांच्यात सुवर्णपदकासाठी जी झुंज झाली ती आजही लोक सांगतात. त्या दोघांच्या होड्या आयोजकांनी पुरवलेल्या, एकसारख्या होत्या. तिथे "त्याची होडी भारी होती" असं कुणी म्हणू शकत नाही.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता यातली मेख पाहा. होडी तंतोतंत सारखी हवी, म्हणून ती मान्यताप्राप्त कारखान्यातच बनली पाहिजे. शीड, डोलकाठी, सुकाणूसुद्धा त्यांच्याचकडून घेतलं पाहिजे. नियम समानतेसाठी केला, पण त्याबरोबर एक कायमचं गिऱ्हाईक तयार झालं. युरोप आणि अमेरिकेसाठी एक कारखानदार, ऑस्ट्रेलियासाठी दुसरा, जपानसाठी तिसरा, अशी जगाची वाटणी होती. ब्रिटनमधल्या माणसाला शीड महाग वाटलं तर त्याने कुठे जावं? आमच्या संगणक क्षेत्रात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. एकदा तुमची सगळी माहिती एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकली की दरवर्षी वाढीव बिल येतं आणि तुम्ही ते मुकाट भरता. मी वीस वर्षं लोकांना या सापळ्यातून बाहेर काढण्याचे पैसे घेतो, म्हणून हा सापळा मला तलावावरही दिसला.

शिडाचंच उदाहरण घ्या. लेझरचं जुनं अधिकृत शीड साध्या डॅक्रॉन कापडाचं. जोरदार वाऱ्यात ते लवकर ताणलं जाई, आणि जो सारखं नवं शीड घेई त्याला फायदा होई. तशाच मापाची नकल शिडं निम्म्याहून कमी किमतीत बाजारात मिळत. २०१६ च्या सुमारास वर्गाने अधिक टिकाऊ असं सुधारित शीड आणलं. चांगलं झालं. पण खेळाडू कितीतरी आधीपासून तेच मागत होते! जिथे गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही तिथे सुधारणेची घाई कुणाला असणार?

आमच्या तलावावरचा एक प्रसंग सांगतो. एका कुटुंबाने मुलासाठी जुनी लेझर घेतली. होडी जुनी पण धड होती, शीड मात्र नकल. क्लबच्या रविवारच्या शर्यतीत ते चालायचं, कुणी काही बोलत नसे. मग बाहेरगावच्या लोकांना खुली असलेली शर्यत आली. नोंदणीच्या टेबलावर त्या मुलाला सांगितलं, हे शीड चालणार नाही. नियमाप्रमाणे टेबलावरच्या बाईंचं बरोबर होतं, आणि त्यांनाही ते सांगताना वाईट वाटत होतं. मुलाच्या वडिलांनी एकच विचारलं, "या शिडाने माझा मुलगा जास्त वेगाने जातो का?" कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचं मोजमाप त्या नियमात नव्हतंच. शीड मापात बसतं की नाही यापेक्षा ते कुणाच्या कारखान्यातून आलं हे नियम विचारत होता. माझ्या मते तंट्याचं मूळ इथे आहे.

आता मोठा तंटा. लेझर बनवायला त्या काळी तीन गोष्टी लागत: कर्बींचा परवाना, 'लेझर' हे नाव वापरण्याचा हक्क, आणि वर्गाच्या बांधणी-पुस्तिकेचं तंतोतंत पालन. म्हणजे एका होडीला तीन मालक: एकाच्या हातात आराखडा, दुसऱ्याच्या हातात नाव, आणि तिसरी, म्हणजे खेळाडूंची वर्ग-संघटना, नियम सांभाळणारी. आपल्याकडे वाड्याच्या तीन वाटण्या झाल्या की जिना कुणाचा यावर कोर्टात जातात, तसंच इथे झालं. मानधन मिळत नाही अशी कर्बींची तक्रार होती. २०१३ साली ते युरोप-अमेरिकेच्या कारखानदाराविरुद्ध अमेरिकेत कनेक्टिकटच्या कोर्टात गेले. त्याच वर्षी वर्गाच्या नियमातून कर्बींच्या परवान्याची अट निघाली. ज्याच्या रेखाटनातून होडी आली त्याचंच नाव बिल्ल्यावरून गेलं, आणि कर्बींनी तीच होडी 'टॉर्च' या नावाने आणण्याचा घाट घातला. एका होडीच्या दोन जाती होण्याची वेळ आली होती. कर्बी २०२१ च्या जुलैत, ९२ व्या वर्षी गेले.

आराखड्याचा मालक बाजूला झाल्यावर राहिले नाव आणि नियम. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांचीही जुंपली. कारखान्याची तपासणी करू दिली जात नाही, असं सांगून वर्ग-संघटनेने युरोप-अमेरिकेच्या लेझर परफॉर्मन्स या कारखानदाराची मान्यता काढली. कंपनीने आरोप फेटाळले आणि उलट आरोप केले. कोण किती खरं बोलत होतं याचा निवाडा मी करणार नाही, कारण माझा मुद्दा त्याने बदलत नाही. मुद्दा असा, की ज्याची तपासणी करायची त्याच्याच मालकीचं 'लेझर' हे नाव असल्याने, संघटनेला त्याला बाहेर काढायचं तर स्वतःचं नावही सोडावं लागलं! एप्रिल २०१९ मध्ये तसंच झालं. जवळजवळ पन्नास वर्षं जगाने जिला लेझर म्हटलं ती होडी आयएलसीए झाली. आयएलसीए ७, ६ आणि ४, अशी शिडांच्या आकारावरून नावं पडली. होडी तीच, खेळ तोच, फक्त पाटी बदलली, कारण पाटी दुसऱ्याची होती.

हे सगळं चालू असताना ऑलिंपिकचा प्रश्न डोक्यावर होता. जागतिक सेलिंग संघटनेने २०२४ साठी कोणती होडी घ्यावी याची फेरतपासणी काढली होती. २०१९ च्या मार्चमध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियाला लेझर, आरएस एरो, डी-झीरो आणि मेल्जेस १४ अशा चार होड्यांच्या चाचण्या झाल्या. तपासणी करणाऱ्यांनी आरएस एरोची शिफारस केली. मे महिन्यात संघटनेच्या परिषदेने मात्र लेझरच कायम ठेवली, पण अट घातली की तिची निर्मिती इतरांनाही रास्त, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर खुली व्हावी. आपल्यापैकी जे मोबाईल-टेलिकॉममध्ये आहेत त्यांना ही शब्दयोजना पाठ असेल, पेटंटच्या करारांत ती नेहमी असते. त्यासाठी वर्गाच्या नियमातून 'लेझर' नावाच्या हक्काची अट काढावी लागली, आणि तो बदल सभासदांच्या मतदानाने झाला. म्हणजे गाठ अखेर सुटली ती सामान्य सभासदांच्या मतांनी. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता विरोधी बाजू. माझे एक स्नेही, आपल्या मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांना येणारे, मला म्हणाले, "अरे, मक्ता आहे म्हणूनच होड्या सारख्या राहतात. दहा जणांना बनवू दिल्या की प्रत्येक जण थोडी चलाखी करणार." मुद्दा बिनतोड वाटतो, पण तपासून पाहा. मक्ता होता तेव्हाही तीन खंडांत तीन कारखाने होतेच. होडी सारखी ठेवतात ते साचे, बांधणी-पुस्तिका आणि तपासनीस. मक्त्याने ज्याची तपासणी करायची तोच डोईजड होतो, हे २०१९ ने दाखवून दिलं. २०१९ नंतर ब्रिटनमध्ये ओव्हिंग्टन, पोलंडमध्ये देवोती, थायलंडमध्ये एलिमेंट सिक्स अशा नव्या कारखान्यांना मान्यता मिळाली, आणि त्यांच्या होड्या एकाच वर्गात शेजारीशेजारी धावल्या. आकाश कोसळलं नाही. भाव कोसळले का? नाही, तेही नाहीत. नवी होडी आजही खिसा हलका करते. पण एक कारखाना रुसला तर एका खंडातला खेळ थांबेल, ही भीती गेली. ही काही लहान गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप असा, की कारखानदार पैसे घालतो, दुकानं उघडतो, शर्यतींना बक्षिसं देतो, मग त्याने नफा का घेऊ नये? जरूर घ्यावा. आराखडा काढणाऱ्यालाही त्याचं मानधन मिळावं. कर्बींसारख्या माणसाला म्हातारपणी कोर्टाची पायरी चढावी लागली ही मला शरमेची गोष्ट वाटते. नफ्याला माझी हरकत नाही. नफ्याने नियमपुस्तकात बसायला जागा मागितली की माझी हरकत सुरू होते.

क्रिकेटचं उदाहरण आपल्या माणसांना लगेच पटेल. १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला होता. ती बॅट विकण्याच्या धंद्यात त्याचा हात होता. पुढे बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला. २०१७ मध्ये बॅटा फार जाड होऊ लागल्या तेव्हा कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि एकूण खोली ६७ मिलिमीटर अशी मर्यादा आली. पण "बॅट अमुक कंपनीचीच हवी" असं क्रिकेटने कधी म्हटलं नाही. मेरठची घ्या, जालंधरची घ्या, मापात बसली की झालं.

तरीही मी सगळं मोकळं सोडा म्हणणाऱ्यांपैकी नाही, कारण त्याही टोकाला खड्डा आहे. आपली लहान मुलं ज्या ऑप्टिमिस्टमध्ये शिकतात तिचंच बघा. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी, घरच्या घरी प्लायवूडमधून बनवता येईल अशी ही साधी पेटीसारखी होडी काढली. पुढे कारखानदार मापांच्या सवलतीत बसवून अधिक वेगवान होड्या काढू लागले आणि आईबापांची चढाओढ लागली. अखेर १९९० च्या दशकात होडीचा आकार कडक नियमाने एकच केला, कारखाने मात्र अनेक ठेवले. ही योजना मला आदर्श वाटते. पण शिडांच्या कापणीत मोकळीक राहिली, आणि तिथे आजही खेळ चालू आहे. मुलाच्या वजनाप्रमाणे वेगळं शीड, यंदाचं वेगळं, पुढच्या वर्षीचं वेगळं. दहा वर्षांच्या मुलाचं वजन तर दर तीन महिन्यांनी बदलतं! म्हणजे एकाच होडीत दोन्ही धडे आहेत: होडीचा आकार एक आणि कारखाने अनेक असले की खेळ सुखरूप, आकार मोकळा सोडला की खिसा रिकामा.

यात भारताचं काय? बरंच आहे. टोकियो ऑलिंपिकला विष्णू सरवणन लेझरमध्ये आणि नेत्रा कुमानन रेडियलमध्ये गेली. पात्रता फेरी २०२१ च्या एप्रिलमध्ये ओमानला झाली होती. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली नेत्रा ही पहिली भारतीय महिला सेलर. पॅरिसलाही हे दोघे होते, होड्यांची नावं तेवढी बदललेली. विष्णू लष्कराचा जवान, मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला. श्रीमंत देशात वर्गाची होडी बदलली तर जुनी विकून नवी घेतात. आपल्यासारख्या देशात एका वर्गात गुंतवलेल्या होड्या, प्रशिक्षकांची वर्षं आणि सुटे भाग, सगळं पाण्यात जातं. वाऱ्यावरच्या फळीवर उभं राहून करायच्या विंडसर्फिंगमध्ये हे झालंच: २००८ ते टोकियोपर्यंत आरएस:एक्स हा प्रकार होता, पॅरिससाठी तो काढून आयक्यूफॉइल आणला. नवा प्रकार वेगवान आहे, बघायला देखणा आहे. पण जुन्या फळ्या घेऊन बसलेल्या गरीब संघटनांना त्या देखणेपणाचं बिल कुणी भरून दिलं?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. होडीचं नाव आणि बोधचिन्ह खेळाडूंच्या संघटनेच्या मालकीचं असावं. कारखाने निदान तीन-चार असावेत आणि त्यांची तपासणी करणाऱ्याचा पगार कारखान्याने देऊ नये. शिडासारख्या झिजणाऱ्या वस्तूचा नियम मापाचा आणि कापडाचा असावा, बिलाचा नसावा. समितीवर बसणाऱ्याने होडीच्या धंद्याशी आपला काय संबंध आहे ते उघड लिहून द्यावं. आणि ऑलिंपिकची होडी बदलायची तर पुरेशी वर्षं आधी सांगावं, म्हणजे ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत ते बेसावध सापडणार नाहीत.

"आपल्याला काय करायचंय? हा इथल्या लोकांचा खेळ," असं कुणी म्हणेल. हा विचार मला सगळ्यात जास्त खटकतो. आपण इथे कर भरतो, मुलं इथल्या शाळांत शिकतात, मग इथल्या क्लबच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत गप्प का बसायचं? आणि हा खेळ श्रीमंतांचाच, हेही खरं नाही. लेझर आली तीच मुळी सामान्य माणसाच्या खिशाला परवडावी म्हणून, आणि जुनी होडी आजही काही शे पाउंडांत मिळते. खेळ श्रीमंतांचा होतो तो बाकीचे बोलायचे थांबले की.

तेव्हा मित्रहो, आपली मुलं पाण्यात असतील तर तीन गोष्टी करा. वर्ग-संघटनेचं सभासदत्व घ्या, आणि मतपत्रिका आली की ती न वाचता टाकून देऊ नका. २०१९ ची गाठ अशाच मतांनी सुटली. जुनी होडी घेताना तिचा अधिकृत बिल्ला पाहा आणि शीड कोणत्या शर्यतीत चालेल हे आधीच विचारून घ्या. आणि क्लबच्या सभेत उठून विचारा, की आपल्या रविवारच्या शर्यतीत स्वस्त शीड अधिकृतपणे का चालू नये? पहिल्यांदा लोक वळून बघतील. दुसऱ्यांदा कुणीतरी अनुमोदन देईल.

वारा कुणाच्या मालकीचा नाही, तलावही नाही. त्यावरच्या शर्यतीचे नियम तरी कुणाच्या दुकानात गहाण पडू नयेत, एवढंच माझं मागणं आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर उत्तर द्यावं. चहा माझ्याकडून!